द्रोह कोणाचा?

परभणीसारख्या आडवळणाच्या जिल्ह्याच्या गावी इंग्रजी वाङ्मय शिकविण्यात ज्याची उमेदीची वर्षे खर्ची पडली, अशा पन्नाशी उलटलेल्या गृहस्थाने क्रिकेटच्या संघांवर लेखणी झिजवावी, आणि तीही निबंध व परीक्षणे यांना वाहिलेल्या मासिकात, याचे कित्येक वाचकांस नवल वाटेल. ‘जगात जर्मनी, भारतात परभणी’ असे आमचे लोक थट्टेने म्हणत असतात. आणि वाद घालण्याचा उत्साह हीच जर थोरवीची कसोटी मानली, तर ही थट्टा अगदीच निराधार आहे असे म्हणता येणार नाही. परंतु चहाच्या टपरीवरील वाद टपरीवरच विरून जात असता तर आम्ही त्याच्या वाटेस गेलो नसतो. तो आमच्या वर्गात शिरला, म्हणून हा प्रपंच.

हकीकत अशी की, २०२४ सालच्या उन्हाळ्यात आम्ही द्वितीय वर्षाच्या वर्गास शेक्सपिअरचे ‘ज्युलिअस सीझर’ शिकवीत होतो. ब्रूटस हा मित्रद्रोही की देशभक्त, हा त्या नाटकाविषयीचा जुना प्रश्न. विद्यार्थ्यांनी तो आपल्या बुद्धीने सोडवावा म्हणून आम्ही त्यांस सांगितले की, आपणांस ठाऊक असलेल्या द्रोहाचे एक उदाहरण घ्यावे आणि ब्रूटसच्या कृत्याशी त्याची तुलना करून दाखवावी. आमची अपेक्षा अशी होती की, कोणी सूर्याजी पिसाळाचे नाव काढील, कोणी आपल्या गावच्या भाऊबंदकीतील एखादा प्रसंग सांगेल, आणि राजकारणाची गोडी असलेला एखादा मुलगा मुंबईतील ताज्या पक्षांतराकडे वळेल. परंतु निम्म्याहून अधिक मुलांनी ज्या मनुष्यास ब्रूटसच्या पंक्तीस बसविले होते, तो निघाला बडोद्याचा अष्टपैलू खेळाडू हार्दिक पंड्या. आणि सीझरच्या जागी होता, सांगावयास नकोच, रोहित शर्मा! त्याच आठवड्यात गंगाखेड व जिंतूर तालुक्यांतून आलेल्या आणि दोन वर्षे एका खोलीत राहून एका डब्यात जेवणाऱ्या दोन विद्यार्थ्यांनी, एक निळ्या सदऱ्याचा व दुसरा पिवळ्या सदऱ्याचा म्हणून, आपापले बिऱ्हाड वेगळे केल्याचे आमच्या कानी आले. निष्ठा व द्रोह हे दोन शब्द मनुष्याच्या नीतिशास्त्रातील मोठ्या मोलाचे शब्द होत. ते इतके स्वस्त झालेले पाहून स्वस्थ बसणे आमच्याने झाले नाही.

ज्या वाचकांस या प्रकरणाचा परिचय नसेल त्यांच्यासाठी ते थोडक्यात सांगतो. आयपीएल या नावाने ओळखल्या जाणाऱ्या स्पर्धेतील ‘मुंबई इंडियन्स’ या संघाने रोहित शर्माच्या नेतृत्वाखाली २०१३, २०१५, २०१७, २०१९ व २०२० अशी पाच वेळा अजिंक्यपद मिळविले. हार्दिक पंड्या हा २०१५ पासून याच संघात वाढला. २०२२ साली तो नव्याने निघालेल्या ‘गुजरात टायटन्स’ संघाचा कर्णधार झाला. पहिल्याच वर्षी त्याने त्या संघास अजिंक्यपद मिळवून दिले व दुसऱ्या वर्षी अंतिम सामन्यापर्यंत नेले. नोव्हेंबर २०२३ मध्ये दोन्ही संघमालकांत व्यवहार होऊन तो मुंबईस परत आला, आणि डिसेंबरात रोहितच्या जागी तोच कर्णधार होणार असल्याचे जाहीर झाले. पुढील हंगामात अहमदाबादेत त्याची हुर्यो उडाली, कारण तो गुजरातेस सोडून गेला. आणि मुंबईच्या वानखेडे मैदानावरही त्याची हुर्यो उडाली, कारण तो मुंबईस परत आला! एकच मनुष्य एकाच कृत्याने दोन्ही ठिकाणी द्रोही ठरला. या विलक्षण तर्कशास्त्रास आमच्या परभणीतील तरुणांनीही आपली संमती दिली. येथून मुंबई सुमारे पाचशे किलोमीटर दूर. देवगिरी एक्स्प्रेसमध्ये रात्र काढावी तेव्हा सकाळी तिचे दर्शन घडते. तथापि वानखेडेवरील आरोळीचा प्रतिध्वनी आमच्या वसमत रस्त्यावर उमटण्यास दोन क्षणही लागले नाहीत.

आता प्रथम निष्ठेचाच विचार करू. निष्ठा म्हटली म्हणजे ती दोन पक्षांमध्ये असावयास पाहिजे, आणि दोघांवरही तिचे काही बंधन पाहिजे. २००८ साली या स्पर्धेतील आठ संघ लिलावाने विकले गेले. त्यांत मुंबईचा संघ एका उद्योगसमूहाने ११ कोटी १९ लक्ष डॉलरांस घेतला. २०२३ ते २०२७ या पाच वर्षांत या स्पर्धेचे सामने दाखविण्याचे हक्क ४८,३९० कोटी रुपयांस गेले. व्यापारात पैसा मिळविणे हे पाप आहे असे आम्ही मुळीच म्हणत नाही; नाटकमंडळ्याही तिकिटे लावूनच खेळ करीत. परंतु जो संघ मालमत्ता म्हणून विकत घेतला जातो, ज्याचे खेळाडू दर दोन-तीन वर्षांनी बहुतांशी मोकळे करून पुन्हा लिलावात उभे केले जातात, त्या संघाने आपल्या खेळाडूंशी कोणती निष्ठा राखिली? एखाद्या विशीतल्या गोलंदाजाचे दोन सामने बिघडले म्हणजे हंगामाच्या शेवटी त्यास निरोप मिळतो. त्या वेळी ‘मालकाने द्रोह केला’ अशी आरोळी कोणीही ठोकीत नाही. तो व्यवहार समजला जातो. मात्र खेळाडूने तोच व्यवहार केला की तो द्रोह! मालकास हिशेबाची मुभा आणि नोकरास मात्र पातिव्रत्याची सक्ती, अशी ही एकतर्फी निष्ठा आमच्या तरुणांच्या बुद्धीस कशी पटते हेच आम्हांस कळत नाही.

आमच्याकडील आठवडी बाजारात बैलांचा सौदा कसा होतो हे मराठवाड्यातील वाचकांस सांगावयास नको. दोन व्यापारी हातावर रुमाल टाकितात, रुमालाखाली एकमेकांची बोटे दाबून भाव ठरवितात, आणि भोवती उभ्या असलेल्या शंभर माणसांस आकडा कळत नाही. हार्दिकच्या व्यवहारात खेळाडूचा स्वतःचा मोबदला दोन्हीकडे १५ कोटी रुपये होता, तो जाहीर होता. परंतु मुंबईच्या मालकाने गुजरातच्या मालकास वेगळे काय दिले, तो आकडा रुमालाखालीच राहिला. बाजारात सौदा न पटल्यास शेतकरी दलालास शिव्या देतो. बैलास कोणी शिव्या देत असल्याचे आम्ही तरी पाहिलेले नाही. तो मान क्रिकेटच्या शहाण्या प्रेक्षकांनी मिळविला!

यावर आमचा एक हुशार विद्यार्थी म्हणाला, “सर, बैलाला कोणी विचारत नाही, हार्दिकने तर स्वतःच परत जायची इच्छा दाखवली होती.” त्याचे म्हणणे खरे आहे. गुजरातच्या संचालकांनी तसे प्रसिद्धही केले होते. पण मग त्यात पाप ते कोणते? ज्या संस्थेत मनुष्य नावारूपास आला तिच्याकडे अधिक जबाबदारीच्या जागेवर परत जावे असे वाटणे हा गुन्हा असेल, तर महाराष्ट्रातील निम्मे अध्यापक, बहुतेक सर्व डॉक्टर आणि झाडून सारे अभियंते गुन्हेगार ठरतील. आमच्या विद्यार्थ्यांचे वडील बदलीसाठी अर्ज करितात, चुलते पुण्यातील एक कंपनी सोडून दुसरीत जातात. त्यांस घरात कोणी ब्रूटस म्हणत नाही, उलट पेढे वाटितात. मोबदला दोन्हीकडे सारखाच असल्यामुळे लोभाचा आरोपही येथे लंगडा पडतो. उरला तो कर्णधारपदाच्या महत्त्वाकांक्षेचा. ब्रूटसने सीझरवर आरोप केला तो हाच, हे आमच्या तुलनाकार विद्यार्थ्यांच्या लक्षात आले नाही. हार्दिक महत्त्वाकांक्षी म्हणून शिक्षेस पात्र, असे ज्यांस वाटते, त्यांच्या नाटकात हार्दिक हाच सीझर व्हावयास पाहिजे, आणि ब्रूटसचा खंजीर प्रेक्षकांच्या हाती दिसावयास पाहिजे.

अमेरिकेत बेसबॉल म्हणून जो खेळ आहे त्यात खेळाडूंची ही देवघेव आपल्यापेक्षा कितीतरी जुनी. बॉस्टनच्या ‘रेड सॉक्स’ संघाने बेब रूथ हा आपला अलौकिक खेळाडू न्यूयॉर्कच्या ‘यांकीज’ संघास विकल्याचे जानेवारी १९२० मध्ये जाहीर झाले. बॉस्टनने १९१८ साली अजिंक्यपद मिळविले होते. ते पुन्हा मिळण्यास २००४ साल उजाडले. या शहाऐंशी वर्षांत बॉस्टनच्या प्रेक्षकांनी पिढ्यान्‌पिढ्या शिव्याशाप दिले. परंतु कोणास? ज्याने रूथला विकले त्या हॅरी फ्रेझी नामक मालकास. त्या शापाच्या कल्पनेत भाबडेपणा पुष्कळ असेल, पण बोट रोखले गेले ते निदान योग्य मनुष्याकडे. त्याच देशात कर्ट फ्लड या खेळाडूची गोष्ट याहून उद्बोधक आहे. सेंट लुईसच्या संघात बारा वर्षे खेळलेल्या या मनुष्यास १९६९ साली त्याच्या मालकांनी त्यास न विचारता फिलाडेल्फियाच्या संघाकडे धाडिले. त्या काळच्या करारान्वये खेळाडू जन्मभर मालकाचा बांधील असे. फ्लडने जाण्याचे नाकारिले. आपण विकण्याजोगी वस्तू नाही असे त्याने बेसबॉलच्या सर्वाधिकाऱ्यास लिहून कळविले आणि न्यायालयात दाद मागितली. वर्षास नव्वद हजार डॉलर मिळत असता हा कसला गुलाम, असे विचारणारे तेव्हाही थोडे नव्हते. १९७२ साली सर्वोच्च न्यायालयात त्याचा पराभव झाला व त्याचे खेळाचे आयुष्यही संपुष्टात आले. परंतु त्याने उपस्थित केलेला प्रश्न मेला नाही. १९७५ साली एका लवादाच्या निर्णयाने खेळाडूंस करार संपल्यावर मोकळे होण्याचा हक्क मिळाला. खेळाडूचे जाणे-येणे हे त्याच्या स्वातंत्र्याचे अंग आहे, ही गोष्ट जगात एका मनुष्याने आपली उपजीविका पणास लावून शिकविली. आम्ही मात्र त्या स्वातंत्र्यास द्रोह हे नाव देऊन बसलो आहो.

“हे सारे नव्या पैशाचे थेर, पूर्वीचे खेळाडू मातीशी इमान राखीत,” असे म्हणणारी वडीलधारी मंडळी आमच्या प्राध्यापकांच्या खोलीत आहेत. त्यांच्याविषयी आदर राखून आम्हांस सांगितले पाहिजे की, ही समजूत इतिहासास धरून नाही. सांगलीत जन्मलेले विजय हजारे हे प्रथम महाराष्ट्राच्या संघातून खेळले. १९३९-४० च्या हंगामात त्यांनी महाराष्ट्रातर्फे नाबाद ३१६ धावा काढिल्या, आणि त्या बडोद्याविरुद्ध! पुढे ते त्याच बडोद्याच्या महाराजांच्या चाकरीत गेले व त्यांच्या संघातून खेळू लागले. १९४६-४७ च्या रणजी अंतिम सामन्यात त्यांनी गुल महंमदसमवेत होळकर संघाविरुद्ध ५७७ धावांची जी भागी रचिली ती बडोद्याकडूनच. नागपूरचे सी. के. नायडू होळकरांच्या सैन्यात अधिकारी झाले व इंदूरच्या संघाचे कर्णधार म्हणून गाजले. डिसेंबर १९४८ मध्ये पुण्यास काठेवाडविरुद्ध नाबाद ४४३ धावा काढणारे कोल्हापूरचे भाऊसाहेब निंबाळकर महाराष्ट्र, बडोदा, होळकर, राजस्थान, रेल्वे अशा कितीतरी संघांकडून खेळले. संस्थानिक तेव्हाचे धनी होते. उद्योगपती आताचे धनी आहेत. चाकरी बदलली म्हणून हजाऱ्यांस महाराष्ट्राने द्रोही ठरविले नाही. उलट एकदिवसीय सामन्यांची जी राष्ट्रीय स्पर्धा आहे तिला त्यांचेच नाव आहे. आणि त्याच स्पर्धेत, नोव्हेंबर २०२२ मध्ये, पुण्याच्या ऋतुराज गायकवाडने महाराष्ट्रातर्फे उत्तर प्रदेशाविरुद्ध एका षटकात सात षटकार मारिले. महाराष्ट्रातून बडोद्यास गेलेले हजारे आम्हांस वंदनीय, आणि बडोद्यातून मुंबईस आलेला हार्दिक मात्र द्रोही, हा निवाडा कोणत्या स्मृतीत सांगितला आहे?

आता यशापयशाकडे वळू. कारण भावनेचा पक्ष हरला की आमचे विद्यार्थी आकड्यांचा आश्रय करितात. ते म्हणतात, २०२४ साली हार्दिकने मुंबईस दहावा म्हणजे शेवटचा क्रमांक मिळवून दिला, यातच सर्व आले. आकडा खरा आहे. चौदा सामन्यांत चार विजय, आठ गुण, दहावा क्रमांक. परंतु दोनच वर्षांपूर्वीचा, २०२२ सालचा तक्ता याच मुलांनी उघडून पाहावा. चौदा सामन्यांत चार विजय, आठ गुण, दहावा क्रमांक! त्या वर्षी कर्णधार होता रोहित शर्मा. एकाच संघाचे एकच अपयश. पण पहिल्या वेळी ‘बुमराहच्या जोडीस गोलंदाज नव्हते’, ‘तरुण संघाची घडी बसत होती’, अशी समंजस कारणे शोधण्यात आली, आणि दुसऱ्या वेळी एका मनुष्याच्या चारित्र्यात कारण सापडले. ज्याच्या तराजूची पारडी माल पाहून हलतात त्या वाण्याकडे आपण दुसऱ्यांदा जात नाही. ज्या प्रेक्षकाचे मोजमाप खेळाडूचे नाव पाहून बदलते त्याच्या मतास खेळाच्या चर्चेत तरी काय किंमत द्यावी?

कोणी असे समजू नये की, हार्दिकच्या नेतृत्वात दोष नव्हते असे आमचे म्हणणे आहे. दोष होते, आणि ते दाखविण्याचा प्रेक्षकास पूर्ण अधिकार आहे. जसप्रीत बुमराहसारखा गोलंदाज हाताशी असता गुजरातविरुद्धच्या पहिल्या सामन्यात नवा चेंडू त्याने स्वतः घेतला. हैदराबादच्या संघाने २७ मार्च २०२४ रोजी २७७ धावांचा डोंगर रचिला, त्या डावात बुमराहला त्याने एका षटकानंतर दीर्घकाळ बाजूस ठेविले, आणि तोवर सामना हातचा गेला. १४ एप्रिलला वानखेडेवर चेन्नईविरुद्ध शेवटचे षटक त्याने स्वतः टाकिले. धोनीने लागोपाठ तीन षटकार मारून चार चेंडूंत वीस धावा केल्या, आणि मुंबईचा पराभव झाला तो बरोबर वीसच धावांनी. त्याच सामन्यात रोहितने नाबाद १०५ धावा काढूनही त्या व्यर्थ गेल्या. हे षटक दुसऱ्या कोणास का दिले नाही, असे कोणी विचारील तर आम्ही त्याच्या बाजूस बसू. ही टीका होय. तिला आधार आहे, तिला उत्तर देता येते, आणि ती ऐकून पुढचा निर्णय सुधारता येतो. परंतु नाणेफेकीपूर्वीच, एकही चेंडू पडला नसता, एखाद्याचे नाव ऐकताच जी हुर्यो उठते तीत परीक्षण कोठे आहे? १ एप्रिलच्या सामन्यात नाणेफेकीच्या वेळी संजय मांजरेकरांना प्रेक्षकांस नीट वागण्याची सूचना जाहीरपणे करावी लागली. पुढे ११ एप्रिलला प्रतिपक्षाकडून खेळणाऱ्या विराट कोहलीने हातांच्या खुणांनी तो गोंगाट थांबविण्यास सांगितले. प्रतिस्पर्ध्यास जी लाज वाटली ती घरच्या प्रेक्षकांस वाटू नये, याहून मोठा पराभव मुंबईचा त्या हंगामात झाला नाही.

रोहितवर अन्याय झाला असे ज्यांस वाटते त्यांचे दुःख आम्ही खोटे मानीत नाही. दहा वर्षे ज्याने संघ सांभाळिला, पाच वेळा जिंकून दिला, त्यास अशा रीतीने बाजूस करणे अनेकांच्या मनास लागले, आणि ते लागणे मनुष्यस्वभावास धरूनच आहे. परंतु तो निर्णय करणारे उंचावरील काचेच्या कक्षात बसले होते. त्यांच्या मालाचे सदरे आमच्या मुलांनी त्याच हंगामात पैसे साठवून विकत घेतले, त्यांच्या सामन्यांसाठी नेटचे पैसे भरिले, आणि पैसे लावून काल्पनिक संघ रचण्याच्या खेळात घरून आलेली मनिऑर्डर घालविली. तो खेळ कायद्याने बंद होण्यास २०२५ चा ऑगस्ट उजाडावा लागला. राग ज्याचा आला त्यास पैसा, आणि शिव्या मात्र त्याच्या नोकरास! आमच्या जुन्या जमीनदारीत कुळे वाड्यावर जाऊन मुकाट्याने खंड भरीत आणि बाहेर येऊन कारकुनाच्या नावाने बोटे मोडीत. निजामाची राजवट १९४८ साली संपली. ही सवय काही अद्याप संपलेली दिसत नाही.

“चार घटकांची करमणूक, त्यात एवढे गंभीर काय?” असे आमचे एक सहकारी विचारितात. त्यांस दोन गोष्टींची आठवण देतो. हैदराबादविरुद्धच्या ज्या सामन्याचा वर उल्लेख केला, तो पाहत असता कोल्हापूरजवळच्या एका गावात साठी उलटलेल्या, चेन्नईचे चाहते असलेल्या एका गृहस्थांनी रोहित बाद झाल्यावर आनंद दर्शविला. त्यावरून झालेल्या मारहाणीत त्यांच्या डोक्यास मार लागला आणि ते दगावले. त्याच गावच्या दोघांस अटक झाली. पुढे ४ जून २०२५ रोजी बंगळूरच्या संघाच्या पहिल्या अजिंक्यपदाचा उत्सव पाहण्यास लोटलेल्या गर्दीत चेंगरून अकरा जीव गेले. पहिल्या प्रसंगी माणूस द्वेषाने मेला, दुसऱ्या प्रसंगी माणसे प्रेमाने आणि अव्यवस्थेने मेली. ज्या संघाने मैदानात त्यांचे नावही कधी ऐकले नव्हते, त्याच्या जयपराजयासाठी हे बळी. गंभीर म्हणावयास याहून अधिक काय पाहिजे?

निष्ठेने आंधळे झालेले प्रेक्षक गुणांचे काय करितात याचा धडा आमच्याच क्रिकेटच्या इतिहासात आहे. मुंबईस १९०७ साली तिरंगी, १९१२ साली चौरंगी आणि १९३७ साली पंचरंगी सामने सुरू झाले. तेथील संघ धर्मावर उभारलेले असत. हिंदूंच्या संघात पाळवणकर बाळू हे त्या काळचे अद्वितीय डावखुरे गोलंदाज होते. १९११ च्या इंग्लंडच्या दौऱ्यात त्यांनी ११४ बळी मिळविले. परंतु ते चांभार जातीत जन्मलेले. पुण्यात खेळत असता मैदानावर त्यांचा चेंडू चालत असे, पण चहा मात्र त्यांना बाहेर वेगळ्या भांड्यात मिळे. हिंदू संघाचे कर्णधारपद त्यांस कधीही देण्यात आले नाही. ते त्यांचे बंधू विठ्ठल यांस मिळाले, तेही १९२३ साली. महात्मा गांधींनी १९४० साली या धर्मवारी सामन्यांचा निषेध केला आणि १९४५-४६ नंतर ते बंद पडले. संघ कोणाचा, कोण आपला व कोण परका, या प्रश्नांनी खेळाच्या प्रश्नावर मात केली की काय होते, ते बाळूंच्या आयुष्यावरून कळते. वानखेडेवरील हुर्यो आणि तो अन्याय एका तोलाचे आहेत असे म्हणणे हा बाळूंचाच अपमान होईल, आणि तसे आम्ही म्हणत नाही. परंतु दोहोंचे मूळ एकच आहे. मनुष्य काय करितो हे पाहण्यापूर्वीच तो कोणाचा हे विचारण्याची ही खोड आहे.

आणि मग २९ जून २०२४ चा दिवस उजाडला. बार्बाडोसमध्ये विश्वचषकाच्या अंतिम सामन्यात दक्षिण आफ्रिकेस शेवटच्या षटकात सोळा धावा पाहिजे होत्या, आणि कर्णधार रोहित शर्माने चेंडू दिला तो हार्दिक पंड्याच्या हाती. ज्या सीझरचा द्रोह झाला म्हणून आमचे विद्यार्थी शोक करीत होते, त्या सीझरनेच आपला ब्रूटस अशा घटकेस जवळ केला! पहिल्याच चेंडूवर सूर्यकुमार यादवने सीमारेषेवर मिलरचा तो झेल घेतला, भारत सात धावांनी जिंकला, आणि हार्दिकने त्या सामन्यात वीस धावांत तीन बळी मिळविले. ४ जुलैला विजयी संघाची मिरवणूक वानखेडेवर आली, तेव्हा तीन महिन्यांपूर्वी जेथे हुर्यो उठली होती तेथे हार्दिकच्या नावाचा जयघोष झाला. वर्तमानपत्रांनी यास प्रायश्चित्त म्हटले. आम्हांस ते तसे वाटले नाही. प्रायश्चित्तास पूर्वी चुकलो याची कबुली लागते. येथे केवळ वारा फिरला होता. सीझरच्या शवापुढे आधी ब्रूटसचा जयजयकार करणारा आणि घटकाभरात त्याचेच घर जाळावयास धावणारा रोममधील जमाव शेक्सपिअरने रंगविला आहे. त्या वर्षीच्या निबंधात ब्रूटस व सीझर सर्वांनी शोधिले; हा जमाव कोठे आहे हे एकाही विद्यार्थ्याने लिहिले नव्हते.

शेवटी एक प्रश्न आमच्या जिल्ह्याच्या तरुणांस विचारून हा लेख पुरा करितो. परभणी जिल्हा क्रिकेटच्या व्यवस्थेत मुंबईचा नाही, चेन्नईचा तर नाहीच. तो पुण्यास मुख्य ठिकाण असलेल्या महाराष्ट्र संघटनेच्या कक्षेत येतो. म्हणजे सेलूचा वा मानवतचा एखादा मुलगा उद्या चांगला खेळू लागला तर त्यास ज्या संघाचे दार ठोठवावे लागेल तो महाराष्ट्राचा संघ. या संघाने १९३९-४० व १९४०-४१ अशी लागोपाठ दोन वर्षे रणजी करंडक जिंकिला, तेव्हा त्याचे कर्णधार होते दि. ब. देवधर, पुण्याच्या महाविद्यालयात संस्कृत शिकविणारे, आमच्याच व्यवसायाचे, आणि तेव्हा पन्नाशीच्या उंबरठ्यावर असलेले. त्यानंतर तो करंडक महाराष्ट्रास मिळालेला नाही. १९७०-७१, १९९२-९३ व २०१३-१४ या तीन हंगामांत संघ अंतिम सामन्यात हरला. आम्ही वर्गात या तीन पराभवांविषयी विचारिले, तेव्हा साठ मुलांपैकी एकासही एकाचीही माहिती नव्हती. गुजरातने हार्दिकच्या मोबदल्यात काय घेतले असेल यावर मात तास तास बोलणारे हेच विद्यार्थी! ऋतुराज गायकवाड हे नाव सर्वांस ठाऊक होते. पण २०२४ साली चेन्नईचा कर्णधार झालेला म्हणून, आपल्या महाराष्ट्राचा म्हणून नव्हे.

आमच्या महाविद्यालयाच्या मैदानावर पहाटे पोलीसभरतीची तयारी करणारी मुले व मुली धावतात, आणि उन्हे चढली की तेथे कोणी नसते. खेळपट्टीवर कुसळे उगवली आहेत. चटई मागावयास गेल्यास ती लग्नाच्या मांडवात गेल्याचे कळते. त्या मैदानासाठी आजवर एकाही विद्यार्थ्याने अर्ज केल्याचे, एकदाही आरोळी ठोकल्याचे आमच्या ऐकिवात नाही. आम्ही अध्यापकांनीही तो केलेला नाही, ही कबुली येथे दिली पाहिजे. आणि हे लिहिल्यानंतर तो करण्याचे आम्ही ठरविले आहे. ज्या विद्यार्थ्यांस आपली निष्ठा कोठे वाहावी असा प्रश्न पडला असेल, त्यांनी त्या अर्जावर सही करण्यास आमच्या खोलीत यावे. अंगात सदरा निळा असो की पिवळा, आमची हरकत नाही.